ताब्याच्या दिवशी ओटी

त्या दिवशी मी माहेरी सरकारी जीपमधून गेले. पुढे ड्रायव्हरशेजारी सर्कल साहेब बसले होते. मागच्या बाकावर मी आणि समोर मोजणीदार. आमच्या पायांशी मोजणीची साखळी, कुदळ आणि चुन्याचा डबा. जीप वेशीतून आत शिरली तसा मी पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला.

"अनसाबाई, भावाचं घर कुठलं?" सर्कल साहेबांनी मागं वळून विचारलं.

"ते कौलारू. दारात शेवगा हाय ते."

सांगितलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. बापाचं घर सरकारी माणसाला बोटानं दाखवत होते, एखाद्या चोराचं दाखवावं तसं.

दादा ओट्यावरच बसला होता. जीप थांबली तसा तो उठला आणि आमच्याकडं पाठ करून परत बसला. गजरा वहिनी दारात दिसली न दिसली आणि आत गेली. आजूबाजूच्या ओट्यांवर हळूहळू माणसं जमायला लागली.

"पाणी मिळेल का थोडं?" सर्कल साहेबांनी विचारलं. वयस्कर माणूस. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

दादा पाठमोराच म्हणाला, "तहान लागली आसंल तर कोर्टात जाऊन प्या. तिथं माझ्या बहिणीनं पाणपोई घातलीय."

माणसं हसली. मीही मान खाली घालून उभी राहिले, जणू त्यांच्यासारखं मलाही ते पटलं होतं.

खरं तर मला जमीन हवी होती असं म्हणता येणार नाही. मला जागा हवी होती. मूल होत नाही म्हणून माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली. मी तालुक्याला शेंगांच्या गिरणीत कामाला लागले. गिरणीमागच्या पत्र्याच्या आडोशाला राहायची. मग मालकानं तिथं गोदाम बांधायचं काढलं. "बघ बाई कुठं सोय होतेय का," असं तो दर आठवड्याला म्हणायला लागला. मी दादाकडं आले. परड्यात एक खोपटं बांधू दे, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "लगीन लावून दिलं तवाच तुझं हितलं सपलं. दिवाळीला ये, साडी घेऊन जा." गिरणीतल्या बायांनी मला वकिलाकडं नेलं. आईबाप गेलेले, आम्ही दोनच भावंडं. वकील म्हणाला, बाई, अर्धं तुमचंच आहे की.

तिथून पुढं कितीतरी वर्षं तारखाच चालल्या. मालकाचं गोदाम रखडलं, म्हणून आडोसा तेवढा टिकला. दादा कोर्टाच्या एका टोकाला बसायचा, मी दुसऱ्या. एकदा गजरा वहिनी त्याची भाकरी घेऊन आली होती. फडकं सोडलं आणि त्यातली एक भाकरी तिनं माझ्यापुढं धरली. मी सगळ्यांसमोर ओरडले, "माझी जमीन गिळलीस आन् आता भाकरी दावतीस व्हय गं? तुझ्या हातचं इख घेईन, पर भाकरी नगं." माझी खात्रीच होती, की दादाचे कान भरणारी हीच. भाऊ कसा वाईट असेल? वाईट असते ती वहिनी. वहिनीनं भाकरी परत फडक्यात ठेवली.

आणि एकदा माझी साक्ष होती. दादाच्या वकिलानं विचारलं, "दरवर्षी भाऊबीजेला भावाकडून साडी घेत होता की नाही?"

"घेत हुते."

"म्हणजे तुमचा वाटा तुम्हाला दरवर्षी पोचत होता. खरं की नाही?"

मला वाटलं, खरंच पोचत होता की काय.

तेव्हा वर बसलेले जज्जसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, साडी नेसायची असते. नांगरायची नसते. पुढचा प्रश्न विचारा."

सगळं कोर्ट हसलं. मी मात्र दादाकडं पाहत होते. त्याची मान हळूहळू खाली गेली. लहानपणी जत्रेत त्याच्या खांद्यावर बसून मी तीच मान दोन्ही हातांनी धरायची. निकाल माझ्या बाजूनं लागणार हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी वाटलं, उठून जावं.

निकाल लागला. कोर्टाचा हुकूम तहसीलदारांकडं आला. हुकमाची नक्कल मी चोळीत घडी घालून ठेवली होती. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. कागद उलटा धरलाय की सुलटा, तेसुद्धा कळायचं नाही. कागद होता, पण ताबा अजून दादाकडंच होता. तो द्यायला आज ही जीप आली होती.

घरामागच्या रानात साखळी पडली. मोजणीदार "ताण, अजून ताण" असं ओरडत होता. साखळीचं दुसरं टोक धरायला गावातलं कोणी पुढं येईना, म्हणून शेवटी मीच धरलं. बांधावर माणसं रांगेनं बसली होती, तमाशाला बसावीत तशी.

"साडी कमी पडली वाटतं."

"आता शेत नेसणार बाई."

"पोर न्हाई, बाळ न्हाई. कुणाला ठेवणार एवढी इस्टेट?"

"असू दे रं, सरकारलाच दत्तक घेतलंय तिनं."

मी साखळी धरून चालत होते. ऐकू येत नाही असं दाखवायलाही मला जमत नव्हतं. पहिला दगड रोवला, दुसरा रोवला, त्यांना चुना फासला. तिसऱ्या दगडाला कुदळ पडली तसा दादा तरातरा आला आणि त्या खड्ड्यात पाय घालून उभा राहिला.

"हितं न्हाई. माझ्या छातीवर लावा दगड."

"हिंदुराव, बाजूला व्हा," सर्कल साहेब म्हणाले. "मला पोलीस आणायला लावू नका. कोर्टाचा हुकूम आहे."

"कोर्टाचा आसंल. माझ्या बापाचा न्हाई."

तेवढ्यात सर्जेराव तात्या उठले. गावात कुणाचं भांडण असो, शेवटचा शब्द त्यांचा असायचा. धोतराचा सोगा झटकत ते मधे आले.

"थांबा साहेब. सरकारी काम सरकारी जागी. आमचंबी थोडं ऐका." मग माझ्याकडं वळले. "अनसे, तू या गावची लेक हायस का न्हाईस?"

"हाय की, तात्या."

"मग लेकीवानी जा. हिंद्या चुकला आसंल. पण माहेराला दगड लावून गेलेली लेक परत त्या दारात येत न्हाई बघ. भाऊबीज न्हाई, पंचमी न्हाई. मेलीस तर चोळीबांगडी न्हाई. जमीन किती दिस पुरणार तुला?"

मी साखळीचं टोक खाली ठेवलं. तात्या दादाकडं वळले.

"हिंद्या, तू बोल. का मीच बोलू सगळं?"

दादा खड्ड्यातून बाहेर आला. खटला उभा राहिल्यापासून त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. तो म्हणाला, "अनसे." एवढंच म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. ते ढोंग नव्हतं. आजही मला ते ढोंग वाटत नाही.

तात्या घराकडं तोंड करून ओरडले, "गजरे! ओटीचं सामान घिऊन ये. नणंदंला अशी मोकळी लावती का कुणी?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भरल्या ओटीनं बाई माहेराला दगड लावत नसती. ओटी घ्यायची आन् मागं न बघता सुटायचं. ही आपली रीत."

सर्कल साहेबांनी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्हाला ताबा नको असेल तर तसं लिहून अंगठा घ्यावा लागेल मला. विचार करून सांगा. मी परत परत येणार नाही. आलो तरी आणखी चार वर्षं जातील."

मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बांधावरचे सगळे डोळे माझ्यावर होते, आणि मला एवढंच कळत होतं, की ओटी घेतली तर हे सगळे डोळे एकदाचे निवतील.

वहिनी आली. एका हातात सूप, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची कोयरी. तिच्याही डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आला होता. तिनं मला कुंकू लावलं. टाकलेली असले तरी नवरा जिवंत होता, म्हणून मी सवाष्ण. माझ्या कुंकवाचा मला झालेला तेवढाच उपयोग. मी पदर पसरला. तिनं घडी घातलेला खण ठेवला, नारळ ठेवला. मग तांदळाच्या मुठी घालायला लागली.

पाच मुठी झाल्या. ती थांबली नाही. मूठ सोडून तिनं ओंजळ धरली. ओंजळीवर ओंजळ पडत होती.

"अगं ए," तात्या म्हणाले, "ओटी भरतीस का कणगी रिकामी करतीस?"

"येकदाच भरायची हाय न्हवं, तात्या?" वहिनी खाली बघतच म्हणाली. "पुन्ना कुठं येणार हायत वन्सं?"

बायकांतून कोणीतरी नाक ओढलं. शेवटी वहिनीनं सूपच माझ्या पदरात उलटं केलं, पदराचे काठ गोळा केले आणि गाठ स्वतःच्या हातानं मारली. गाठ मारताना तिनं माझं मनगट एवढं घट्ट दाबलं, की मला वाटलं, रागानंच दाबतेय. कोर्टातल्या बोलण्याचा सूड.

मी तिच्या पाया पडले. दादाच्या पाया पडले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवल्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहा साहेब. मला न्हाई पायजे ताबा."

"शाब्बास लेकी!" तात्या म्हणाले. बांधावरची माणसं धोतरं झटकत उठायला लागली. खेळ संपला होता.

सर्कल साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. जीपपाशी चला. तिथं कागद टेकवून लिहितो."

ते पुढं झाले. मी मागून निघाले. जीप घरासमोर उभी होती, तिथं वळसा घालून जायचं होतं. ओटी एवढी जड झाली होती, की पदर खांद्यावरून ओढला जात होता. माझ्या वाट्यातल्या करंजाच्या झाडापाशी आले तेव्हा गाठ सुटायला लागली. ओटीतला दाणा वाटेत सांडू नये म्हणून मी खाली बसले, मांडीवर ओटी घेतली आणि गाठ नीट करायला तांदळात हात घातला.

हाताला काहीतरी चौकोनी लागलं.

मला वाटलं, सुपारीची पुडी असेल. वर काढलं तर काडेपेटी होती. भरलेली, नवी नाही. एका बाजूनं ओढून ओढून काळी झालेली, चुलीशेजारच्या कोनाड्यात असते तशी. तिच्या खाली खणाच्या घडीत एक पुरचुंडी होती. सोडली. खडेमीठ.

ओटीत काडेपेटी कोणी घालत नाही. मीठ तर नाहीच नाही. ओटीचे तांदूळ बाईनं आपल्या घरी न्यायचे, आपल्या चुलीवर शिजवायचे आणि स्वतः खायचे, हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. आपल्या घरी. गिरणीमागच्या आडोशाला माझी स्वतःची चूल होती, काडेपेटी होती, मीठ होतं. तिथं न्यायचे असते तर हे कशाला दिलं असतं?

मी मागं पाहिलं. वहिनी परसदारी रिकामं सूप घेऊन उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती. ती तिसऱ्या दगडाच्या खड्ड्याकडं पाहत होती.

काडेपेटी मी मुठीत धरली. सर्कल साहेब परत वळून आले. "बाई, चला की. ऊन उतरायला लागलं."

"साहेब," मी म्हणाले, "त्यो तिसरा दगुड लावा."

"काय?"

"दगुड लावा. मी चूल मांडते."

मी बांधावरचे तीन धोंडे उचलून आणले. करंजाखाली मांडले. वाळक्या काटक्या होत्याच. भांडं नव्हतं. येताना भाकरी आणलेला ॲल्युमिनियमचा डबा होता, त्यातली भाकरी काढून फडक्यात ठेवली. डबा घेऊन विहिरीकडं गेले. दादा धावत आला.

"विहिरीला हात लावू नको!"

"विहीर सामाईक आहे," मागून सर्कल साहेब म्हणाले. "हुकमात लिहिलंय. वाचून दाखवू?"

"अनसे, ओटी घिऊन हे करतीस?" तात्या ओरडले. "भरल्या ओटीनं?"

"ओटीचंच शिजवतेय, तात्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना, इतका बारीक निघाला. "घरी निऊन शिजवायचं आसतंय. हेच घर."

काडी पेटेना. पहिली विझली, दुसरी मोडली. बांधावर कुणीतरी थुंकलं. एक बाई म्हणाली, "लाज सोडली की गं हिनं." सोडली नव्हती. सगळी माझ्याजवळच होती. मी ती घेऊनच काड्या ओढत होते.

जाळ लागला. मोजणीदारानं दगड रोवला. सर्कल साहेब पंचनामा लिहायला खाली बसले आणि पेन धरून मला विचारलं, "आता काय लिहू?"

"लिहा, बाईनं चूल मांडली."

"असं लिहायला जागा नाही यात." त्यांनी कागद उलटून पाहिला. "पण लिहितो."

माझा अंगठा घेतला, दगडांना चुना लावला आणि ते गेले. माणसंही गेली. तात्या जाताना मला नाही, दादाला बोलून गेले. उरलं ते घर, घराच्या मागं मी, आणि मधे पांढरे दगड.

दिवस कलला. घरातून दादाचा आवाज आला. "चूल का पेटली न्हाई अजून?"

"काडेपेटी घावत न्हाई," वहिनीचा आवाज.

"कोनाड्यात बघ की."

"बघितली. न्हाई."

"मग शेजारनं विस्तव आण. का मीच जाऊ?"

थोड्या वेळानं परसदार उघडलं. वहिनी बाहेर आली. हातात एक शेणी होती, वाळकी गोवरी. शेजारी डाव्या हाताला सुताराचं घर, उजव्या हाताला तिच्या चुलत दिराचं. ती दोन्हीकडं वळली नाही. सरळ रानातून चालत आली, दगडाशी थांबली, आणि दगडाच्या पलीकडूनच म्हणाली,

"वन्सं, विस्तव द्या जरा."

आमच्याकडं विस्तव मागायचा तो चूल असलेल्या घरी. उघड्यावर बसलेल्या बाईकडं कोणी विस्तव मागत नाही.

मला मान वर करता येईना. "वहिनी, मी कोर्टात तुला..."

"ते ऱ्हाऊ द्या."

"माझ्यापायी दादा तुला मारंल गं."

"बघू." ती खाली बसली. शेणी पुढं केली. मग घराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माझ्याबी भावांनी माझी ओटी भरली हुती, वन्सं. शिवारातली माझी पट्टी लिहून घेतली आन् ओटी भरली. मला काय सुचलं न्हाई. मी आले निघून. त्या तांदळाचा भात हितं शिजवला, आन् तुमच्या भावानं खाल्ला. ग्वाड लागला म्हणाला."

मी काटकीनं दोन निखारे ओढले आणि तिच्या शेणीवर ठेवले. तिनं फुंकर मारली. तिचा चेहरा उजळला तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं असेन. एवढ्या वर्षांत ती माझ्यापेक्षा जास्त म्हातारी झाली होती.

"येते," ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, घरापर्यंत जाईल असं, "विस्तव दिलात, बरं झालं."

दादा परसदारात उभा होता. त्यानं वहिनीच्या हातातला विस्तव पाहिला. मग दगडांकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं, तो शेणी हिसकून फेकून देईल. तो बाजूला झाला. वहिनी आत गेली. थोड्या वेळात त्यांच्या कौलांतून धूर यायला लागला.

माझा भात खालून करपला होता, वरून कच्चा होता. घराकडं पाठ करून, पदर पुढं ओढून, मी तो तळापर्यंत खाल्ला.